तीस नंबरचा आठवडा

बिराजदार मामांना तारीख विचारली की ते आठवडा सांगायचे. "मुलीचं लग्न कधी काढलंय मामा?" "अडतिसाव्या आठवड्यात." "गावाकडं कधी निघालात?" "पाचव्यात जाऊलालो." ऐकणारा बाहेरचा असला तर तो मनातल्या मनात बोटं मोजत बसायचा आणि मामा त्याच्याकडे अशा नजरेनं बघायचे, की काय माणूस आहे, याला साधं कॅलेंडर कळत नाही.

दोष त्यांच्या एकट्याचा नव्हता. चाकणच्या आमच्या कारखान्यात सगळा कारभार आठवड्यांच्या नंबरावर चालतो. सुटे भाग कधी येणार, कुठल्या प्रेसचं तेल कधी बदलायचं, सगळं नंबरावर. दारातच एक फळा आहे, त्यावर चालू आठवड्याचा आकडा हातभर उंच लिहिलेला असतो. आणि हिशेबाचं वर्ष एक एप्रिलला सुरू होतं म्हणून आमचा पहिला आठवडाही एप्रिलात. दोनचार वर्षं त्या फळ्याखालून आतबाहेर केलं की जगाचं वर्ष जानेवारीत सुरू होतं हे माणूस विसरूनच जातो. मीही विसरलो होतो.

मामा मूळचे उदगीरकडचे. उंच, वाळके, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, खिशात पेनाऐवजी टेस्टर. मी मेंटेनन्सला लागलो तेव्हा ते त्या खात्यातले सगळ्यात जुने. पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या मोठ्या प्रेस त्यांच्याकडे. चिखलीत त्यांची आणि माझी बिल्डिंग शेजारी शेजारी, त्यामुळे कंपनीची बस आम्ही एकाच कोपऱ्यावरून धरायचो. मोशीपासून पुढे ट्रॅफिक तुंबलं की बसमध्ये गप्पांना ऊत यायचा आणि त्या गप्पांचा मालक म्हणजे मामा.

मशीन बंद पडलं की आधी पाना उचलायचा नाही, असा त्यांचा नियम. ऑपरेटरला जवळ बोलवायचं, खांद्यावर हात ठेवायचा आणि विचारायचं, "काल नीट चालूलालती न्हवं? मग काल आन् आजमधी काय बदललं तेवढं सांग." हा प्रश्न ते सगळ्याला लावायचे. कुणाचं घरी भांडण झालं, कुणाचं पोट बिघडलं, कुणाचा मुलगा नापास झाला, मामांचा प्रश्न एकच. गंमत म्हणजे बऱ्याचदा उत्तर सापडायचंही. माझ्या लग्नानंतर पहिल्या महिन्यात बायको माझ्याशी दोन दिवस बोलेना, तेव्हा मामांनी बसमध्ये सगळ्यांच्या देखत माझी अशीच उलटतपासणी घेतली होती आणि मोशी यायच्या आत कारण काढून दिलं होतं. ते इथे सांगायची गरज नाही.

तर अशा या माणसानं सुट्टीचा एक आठवडा विकत घेतला, त्याची ही हकिकत.

झालं असं की, महादेवी मामींनी चिंचवडच्या एका मॉलमध्ये कूपन भरलं. मामी म्हणजे मामांच्या अगदी उलट. ठेंगण्या, गोल आणि घाईच्या. आठवड्यानं फोन आला, तुम्हाला बक्षीस लागलंय, जोडीनं या. एसी हॉल, समोसा, टाय लावलेला तरुण पोरगा. त्यानं समजावलं, की महाबळेश्वरजवळच्या आमच्या रिसॉर्टमधली एक खोली, स्वयंपाकघरासकट, दरवर्षी एक आठवडा तुमची. आणि तिथं जायचं नसेल, तर तो आठवडा अदलाबदलीला टाका, त्याच्या बदल्यात देशात हवं तिथं राहा.

बोलता बोलता त्यानं पडद्यावर देवदाराची झाडं दाखवली, वरून बर्फ पडतोय. मामींना आकाशातून पडणारं म्हणजे गारा ठाऊक. पत्र्यावर ताडताड वाजणाऱ्या, डोक्यात बसल्या तर टेंगूळ आणणाऱ्या. त्यांनी हातातला समोसा खाली ठेवला.

"ओ, ह्ये असं खरंच पडतंय व्हय? आवाज न करता?"

"पडतंय की," मामा म्हणाले. त्यांनीही पाहिलेलं नव्हतंच.

"मला दावा की एकदा."

"दावतो," मामा म्हणाले. मामींनी लग्नानंतर मामांकडे काही मागितल्याचं मामांना आठवत नव्हतं. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना आवाज जरा खाली आणला. तेव्हापासून बर्फ हा त्या घरातला एक घेणेकरी होऊन बसला.

मग टायवाल्यानं बावन्न आठवड्यांचा तक्ता पुढे केला. लाल आठवडे गर्दीचे, पांढरे मध्यम, निळे कुणाला नको असलेले. लाल महाग, निळा स्वस्त. मामांनी चष्मा लावला आणि थेट तीस नंबर शोधला, कारण तीस म्हणजे आमच्या फळ्यावरची दिवाळी. मुलांना सुट्टी, कंपनीला सुट्टी, हवा झकास. आणि बघतात तो काय, तीस नंबर निळ्यात! या येड्यांनी दिवाळी फुकट वाटायला काढलीय, असं त्यांना वाटलं. त्यांना घाम फुटला, की कुणाच्या लक्षात यायच्या आत सही झाली पाहिजे.

"काका, तीस? नक्की?" टायवाल्यानं विचारलं.

"तीसच. आन् लगेच लिवा."

"एकदा विचार करा काका..."

"इचार झालाय. तुमी लिवा."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मामांनी ही बहादुरी सांगितली, तेव्हा आम्ही काय केलं म्हणाल? सगळ्या बसनं टाळ्या वाजवल्या. त्या बसमध्ये डिप्लोमावाले होते, डिग्रीवाले होते, प्लॅनिंग खात्यातले तर दोघं होते, ज्यांचं अख्खं पोट आठवड्यांच्या नंबरावर भरतं. एकाच्याही डोक्यात आलं नाही. पेंट शॉपमधला घुले, मोशीचा गाववाला, तर हळहळलाच. "मामा, आमाला सांगायचं न्हाई व्हय? आमी बी एकतीस नंबर घेतला असता!"

फळ्यावर अठ्ठावीस लागला तसं मामांनी रिसॉर्टला फोन लावला, दोन आठवड्यांनी येतोय, खोली तयार ठेवा. फोन स्पीकरवर होता, बस कुरुळीच्या चौकात अडकलेली. पलीकडची मुलगी हिंदीत अतिशय नम्रपणे म्हणाली, "सर, आपका हफ्ता तो जुलाई में निकल गया."

मग मागच्या सीटवरून प्लॅनिंगवाला हळूच म्हणाला, "अरे, त्यांचं वर्ष जानेवारीपासून असणार." आणि तीस नंबर मोजत मोजत सगळे जुलैच्या शेवटात जाऊन पोहोचले, महाबळेश्वरच्या भर पावसात, जिथे त्या दिवसांत स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही. घुले पहिल्यांदा हसला आणि मग बस इतकी हसली, की ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं. सगळ्यात जास्त हसले मामा. चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, "काल आन् आजमधी काय बदललं? वर्षच बदललं की ओ!"

दुसरं कुणी असतं तर त्यानं टायवाल्याची कॉलर धरली असती. मामा म्हणाले, त्या पोरानं दोनदा विचारलं होतं, तो काय करणार? त्यांच्या मते मशीन काय आणि माणूस काय, चुकीचं उत्तर देत नाही, विचारणाराच चुकीचं विचारतो.

पुढच्या जुलैत ते दोघं हौसेनं त्या आठवड्याला गेले. परत आल्यावर मामांनी बसमध्ये ट्रायल रिपोर्ट दिल्यासारखा वृत्तांत दिला: खोली उत्तम, गॅस उत्तम, दृश्य काहीही नाही. पोचल्या दिवशी ओला झालेला टॉवेल निघायच्या दिवशीही ओलाच. पण मामी भलत्याच खूश होत्या. टँकरच्या गावात वाढलेली बाई ती. "पावसाला कुनी नावं ठिवतंय व्हय?" म्हणाल्या आणि सात दिवस पागोळ्यांखाली बादल्या भरत बसल्या. बादल्यांचं पाणी कशाला लागणार होतं, ते कुणीच विचारलं नाही.

मात्र बर्फ राहिलाच होता. मग मामांनी ठरवलं, अदलाबदलीचं मशीन, म्हणजे मोबाइलवरची ती साइट, कसं चालतं ते बघायचं. त्या साइटवर किंवा कागदावर कुठंही ते सरळ लिहिलेलं नव्हतं. म्हणून मामांनी प्रेसला लावतात तीच पद्धत लावली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडतो ते बघायचं. मोशी ते चाकण, रोज हेच. कधी जागा बदलून बघ, कधी महिना, कधी खोलीचा आकार. शंका उरली की रिसॉर्टच्या त्या नम्र मुलीला फोन. तिचं नाव पूजा. काही महिन्यांनी पूजा मामांना "अंकलजी" म्हणायला लागली आणि मामा तिला तिच्या आईची तब्येत विचारायला लागले.

शेवटी त्यांनी आम्हाला जे समजावलं ते असं. "आपला आठवडा तिकडं टाकला की मशीन त्याचं वजन करतंय. तुमी पैशे किती भरले, ते त्याला ठाऊक बी न्हाई. त्ये बघतंय, ह्या जाग्याला ह्या आठवड्यात मागणी किती आन् खोल्या किती. खोली ल्हान का मोठी. आदी राहून गेलेल्या मानसांनी नावं ठिवली का वाखाणलं. आन् तुमी किती आदी आनून टाकलं. आठवडी बाजारात सकाळच्या भाजीला भाव आसतंय, सांजच्याला न्हाई, तसं. मग जेवढं तुमचं वजन, तेवढ्याच वजनाचं तुमाला घिऊ देतंय."

"मग बर्फासाठी मनाली का देत नाही?" मी विचारलं.

"देत न्हाई असं कुठं म्हनतंय? दावतच न्हाई!"

हीच त्यातली खरी मेख होती, आणि ती मामांनी कँटीनमध्ये सिद्ध करून दाखवली. आमचे एचआरचे कुलकर्णी साहेब, माणूस मोकळा, त्यांच्याकडे गोव्यातला डिसेंबरचा आठवडा होता. भडक लाल. मामांनी त्यांना विनंती केली, साहेब, तुमचा मोबाइल माझ्या मोबाइलशेजारी ठेवा. ताटं सरकवून जागा केली. दोघांनी एकच गाव टाकलं, मनाली. एकच आठवडा टाकला, जानेवारीतला. दोघांनी एकदम बटण दाबलं. साहेबांच्या मोबाइलवर देवदाराच्या झाडीतली रिसॉर्टं खालपर्यंत उतरत गेली. मामांच्या मोबाइलवर वाक्य आलं, की या शोधासाठी काहीही उपलब्ध नाही.

"म्हणजे आहे, पण तुम्हाला दिसत नाही?" साहेब चकितच झाले. "मला वाटायचं सगळ्यांना सारखंच दिसतं."

"साहेब, बंद दुकानाचं शटर तरी दिसतंय," मामा म्हणाले. "हितं दुकानच गायब करूलालेत." आणि मोठा शोध लागल्यासारखे आनंदानं भात कालवायला लागले. मला उगाच वाईट वाटत होतं. मामांना मात्र मशीनचा दोष सापडल्याचं समाधान होतं, आणि दोष सापडला की अर्धं काम झालं असं ते मानायचे.

निळ्या आठवड्याला काय काय दिसतं, ते मात्र मामांनी सगळं वसूल केलं. त्यांच्याइतका देश फिरलेला माणूस आमच्या कारखान्यात दुसरा नाही, फक्त फिरले ते सगळीकडे चुकीच्या वेळी. मे महिन्यात जैसलमेर. तिथं दुपारी उंटसुद्धा बाहेर पडायला तयार नव्हता, उंटवाल्यानं मामांनाच सावलीत बसवून ताक पाजलं. आषाढात केरळ. जुलैत गोवा, समुद्रावर लाल बावटे आणि अख्ख्या रिसॉर्टमध्ये हे दोघंच. तिथल्या आचाऱ्याला काही काम नव्हतं, म्हणून मामींनी त्याला ज्वारीची भाकरी थापायला शिकवली आणि त्यानं मामींना माशाची आमटी. मामी शाकाहारी. शिकल्या, पण चव घेतली नाही, मीठमसाला वासावरून सांगायच्या. तो आचारी पुढे दर दिवाळीला मामींना फोन करायचा.

"गर्दीच्या टायमाला गेलं की मानसं खोली देतेत," मामा म्हणायचे. "गर्दी नसताना गेलं की घर देतेत." आम्ही बसमध्ये त्यांची टर उडवायचो, की मामा, या साली कुठं, राजस्थानात उन्हाळा का चेरापुंजीत पावसाळा? मामा सगळ्यात सामील. पण प्रत्येक सहलीहून आल्यावर मामी एकदा तरी सहज विचारायच्या, "बर्फाचं काय दिसलं का ओ त्या मोबाइलात?" तक्रार नसायची. भाजी आणलीत का, असं विचारावं तसं. मामा "बघूलालो" म्हणायचे आणि त्या दिवशी बसमध्ये नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ शोधत बसायचे.

अशी वर्षं गेली. आणि मग जे बदललं ते मामांनी नाही, ताथवडे-पुनावळ्याच्या नव्या पोरापोरींनी बदललं. आयटीतली ही मंडळी. त्यांना धुकं हवं, धबधबे हवेत, ओल्या घाटाचे फोटो हवेत. ज्या पावसात पूर्वी महाबळेश्वरची दुकानं गवताच्या झडपा लावून बंद असायची, त्या पावसात खोली मिळेना झाली. एके दिवशी पूजाचा फोन आला. "अंकलजी, आपका वाला हफ्ता सब माँग रहे हैं. जुलाई का." मामांनी पुढच्या वर्षीचा आठवडा नियमाप्रमाणे कितीतरी आधीच टाकून ठेवलेला होता, सकाळची भाजी.

त्यांनी बसमध्ये सवयीनं मनाली टाकलं, जानेवारी टाकलं, बटण दाबलं. मी शेजारीच होतो. पडदा खाली खाली सरकायला लागला. देवदार, लाकडी सज्जे, पांढरी छपरं. मामांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग मोबाइल माझ्याकडे देऊन म्हणाले, "जाधव, मला दिसूलालंय तेच तुला दिसूलालंय का बघ."

घुलेनं मागून डोकं घातलं आणि ओरडला, "मामाचा बर्फ निघाला!" पुढच्या स्टॉपवर चढलेल्या माणसांना काय झालंय ते कळेना, पण सगळे टाळ्या वाजवतायत म्हणून त्यांनीही वाजवल्या.

मामांनी एक खोली धरून ठेवली. मशीन ती दुसऱ्या दिवशी याच वेळेपर्यंत धरणार होतं, मग सोडून देणार होतं.

आता अडचण काय ते सांगतो. आठवडा होता जानेवारीचा पहिला. आमचा कारखाना डिसेंबरअखेरीपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बंद असतो, त्याला शटडाऊन म्हणतात. सगळी कंपनी बायकापोरांना घेऊन फिरायला जाते आणि मेंटेनन्सवाले आत राहतात, कारण मशीन उघडायला तेवढीच फुरसत. मामांनी नोकरीत एकही शटडाऊन चुकवलेला नव्हता. सासरे वारले तेव्हासुद्धा ते तिसऱ्या दिवशी प्रेसखाली होते. आणि यंदा सगळ्यात मोठी प्रेस पुरती उघडायची होती. मामांचं निवृत्तीचं वर्षही हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये मामा मोबाइल उघडेनात. मी विचारलं, पक्कं केलं का? म्हणाले, "राहू दे. पुढच्या साली बघू."

"मामींना सांगितलंत?"

"न्हाई."

"मामा, पुढच्या साली तुमचा आठवडा वजनदार राहील कशावरून? ती पोरं उद्या दुसरीकडं वळली तर?"

मामा खिडकीबाहेर बघत राहिले. बस मोशीच्या पुढे नेहमीसारखी उभी होती. घुले पुढे येऊन बसला, दांडीला धरून म्हणाला, "मामा, तुमी नसला तर प्रेस उघडायची न्हाई व्हय? ही सगळी मानसं हायेत की."

"उघडंल की. माजीच पोरं हायती, म्याच शिकिवलंय."

"मग भ्या कशाचं?"

मामांनी चष्मा काढून गळ्यात सोडला. मग माझ्याकडे वळून, घुलेला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "जाधव, मी नसताना बिघडलं तर माज्या जिवाला तरास होईल. पन मी नसताना समदं नीट झालं, तर?"

ज्या माणसानं आम्हाला पाना धरायला शिकवलं, त्याला आमच्याच हाताची भीती वाटत होती, आणि ती भीती खोटीही नव्हती. मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला असता, पण धीर झाला नाही. मी एवढंच म्हणालो, "नीटच होईल मामा. तुम्ही शिकवलंय तर दुसरं काय होणार?"

ते हसले नाहीत. मोबाइल काढला, चष्मा लावला आणि थेट मामींना फोन लावला. "आगं, बर्फ दिसूलालाय. जानेवारीत. येतीस का?" पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. मामांनी फोन कानापासून थोडा लांब धरला एवढं दिसलं. मग त्यांनी बटण दाबलं, खोली पक्की झाली आणि ते चाकणपर्यंत डोळे मिटून बसले.

डिसेंबर लागला तशी मामींची तयारी सुरू झाली. चिखलीच्या उन्हात त्या नवी कानटोपी घालून जिन्यावर चढउतर करायच्या, सवय व्हावी म्हणून. मामांनी आम्हाला प्रेसचं काम इतक्या वेळा समजावलं, की शेवटी कुलकर्णी साहेबांनी त्यांना हात धरून गेटबाहेर काढलं. निघताना मामांनी प्रेसच्या खांबावर थाप मारली आणि तिला म्हणाले, "नीट ऱ्हा. पोरं हायती."

आणि प्रेस नीट राहिली. पोरांनी उघडली, साफ केली, सील बदलले, बंद केली. ठरल्यापेक्षा थोडी आधीच. चालू करून बघितली, ठणठणीत. एका वाल्वपाशी तेलाचा बारीक थेंब दिसत होता. त्याचा इलाज आमच्यातल्या सगळ्यांना येत होता. पण आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि सगळ्यांच्या मनात एकदमच आलं, की मामांना फोन लावू या. विचारू या. त्यांना बरं वाटेल.

व्हिडिओ कॉल मामींनी उचलला. आधी नुसतं पांढरं दिसलं, मग कानटोपी, मग मामींचा लाललाल चेहरा. "पडूलालाय बगा!" त्या ओरडल्या. "सकाळधरनं पडूलालाय! भावजी, रस्ता बंद झालाय म्हनं, आमाला उद्या निघता यायचं न्हाई!" त्यांच्या आवाजात काळजीचा मागमूस नव्हता.

"मामांना द्या जरा. प्रेसचं विचारायचंय."

मामा आले. हातात जाडजूड हातमोजे, म्हणून मोबाइल मामींनीच त्यांच्या तोंडासमोर धरला. मी मोबाइल वाल्वजवळ नेला, थेंब दाखवला, आवाज शक्य तितका काळजीचा केला. "मामा, इथून तेल येतंय. काय करावं कळेना."

मामांनी वाकून बघितलं. वाल्वकडे बघितलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या पोरांकडे, एकेकाच्या तोंडाकडे. कुणाला हसू आवरत नव्हतं. त्यांच्या भुवयांवर बर्फ साचला होता.

"मला काय विचारूलालाव?" ते म्हणाले. "येतंय की तुमाला."

मग अगदी छान, मोकळं हसले आणि वळून चालायला लागले. मामी मोबाइल बंद करायचा विसरल्या. तो त्यांनी तसाच मामांकडे रोखलेला होता. आम्ही पाचसहा जण काळ्या हातांनी त्या एवढ्याशा पडद्याभोवती दाटी करून उभे होतो, आणि मामा देवदारांमधून गुडघाभर बर्फातून पुढे पुढे जात होते, खांद्यावर साठत चाललेला बर्फ न झटकता.